गव्हाणीतल्या करंज्या

सलोमी, तुझ्या चर्चच्या पाळकसाहेबांनी परवा मला दारात थांबवलं आणि म्हणाले, "आई, मंडळीच्या नवीन वर्षाच्या पुस्तिकेत सलोमीबाईंवर चार शब्द लिहून द्या. तुम्ही त्यांच्या इतक्या वर्षांच्या शेजारीण. छान गोड लिहा." मी मान हलवली. घरी आले, कागद-पेन घेऊन बसले, आणि तेव्हापासून तोंडाला जी कडू चव आली आहे ती चहानं जात नाही की सुपारीनं जात नाही. तुला जाऊन महिना व्हायचा आहे अजून. मला रडू यायला पाहिजे, तर मला किळस येते आहे. तुझी नाही वं. म्हणजे, थोडी तुझीपण. ऐक आता. जन्मभर तू मला पुरतं बोलू दिलं नाहीस. मी तोंड उघडलं की तू म्हणायचीस, "जाऊ दे वं." आता तुला मधे बोलता येत नाही, तर मी सगळं बोलून घेते.

तुझ्या शोकसभेला अख्खी गल्ली आली होती. खुर्च्या पुरल्या नाहीत, पुरुष भिंतीला टेकून उभे राहिले. तुझे यजमान, दानिएलभाऊ, पुढच्या रांगेत बसले होते. कोटाची बटणं एक घर चुकलेली, त्यामुळे कोट एका बाजूनं वर चढलेला. ती तू लावून द्यायचीस. त्यांच्या शेजारी कोण बसलं होतं, माहीत आहे? माई. आपल्या गल्लीच्या टोकाच्या, म्हशीवाल्या माई. आता त्यांना चालवत नाही, मुलानं धरून आणलं होतं. मुलगा म्हणजे आपला बाळ्याच, पण आता त्याला बाळासाहेब म्हणावं लागतं. कडक इस्त्रीचा सदरा, बोटात अंगठ्या. तो भाषणाला उठला.

"आमच्या गल्लीत जात-धर्म असं काही नव्हतंच," तो म्हणाला. "नाताळच्या सकाळी सलोमीमावशींचं ताट आमच्या घरी यायचं. आमची आई ते ताट स्वतःच्या हातानं उघडायची आणि आम्हा भावंडांना एकेक करंजी भरवायची. ती चव अजून जिभेवर आहे."

इथं त्यानं खिशातून रुमाल काढला. आणि माईंनी, सलोमी, माईंनी पदरानं डोळे टिपले!

  मी किळसेनं पदर तोंडाशी धरला तर शेजारच्या बाईला वाटलं मी तुझ्यासाठी हुंदका आवरते आहे. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी काय सांगणार तिला?

ज्यांना आपली गल्ली माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नागपूरच्या लकडगंजच्या मागची ती गल्ली, समोरासमोर घरं, मधे नळ. तू आणि दानिएलभाऊ तिथं राहायला आलात तेव्हा तुमच्याबद्दल गल्लीला दोनच गोष्टी कळल्या: दानिएलभाऊ रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीला आहेत, आणि तुम्ही ख्रिश्चन आहात. तिसरी गोष्ट पहिल्या डिसेंबरात कळली. तुझ्या घरात मूल नव्हतं, आणि डिसेंबर लागला की गल्लीतलं एकही मूल आपल्या घरात नसायचं.

शाळेचं दप्तर टाकून पोट्टे सरळ तुझ्याकडे. बांबूच्या कामट्या तासायच्या, त्यांची चांदणी बांधायची, तिला पतंगाचा कागद खळीनं चिकटवायचा. खळ निम्मी कागदाला, निम्मी केसांना. माझी लेकरं घरी आली की मी त्यांची डोकी ओल्या फडक्यानं पुसत बसायची आणि तुझ्या नावानं ओरडायची. तू समोरच्या दारातून म्हणायचीस, "ओरड वं ओरड, तुझा आवाज नाही आला तर पोट्ट्यांले वाटते नाताळ लागलाच नाही."

मग देखावा. कोपऱ्यात विटा रचून गोठा करायचा, त्यात पेंढा, त्यात मातीचा बाळ येशू, शेजारी त्याचा बाप योसेफ. जनावरं कुठून आणायची? तर प्रत्येक पोरगं आपापल्या घरून तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लेकरांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी घेऊन यायचं. चाकांचे, शिंगांना बेगड लावलेले, गळ्यात घुंगरू बांधलेले. येशूच्या गोठ्यात सगळे नागपूरचे नंदीच नंदी! आणि त्यावरून मारामाऱ्या.

"मावशी, माझा नंदी बाळाजवळ ठेवा, तो सगळ्यात मोठा आहे." हा बाळ्या.

"अरे, इतका मोठा आहे का योसेफ त्याच्या पोटाखाली हरपला," तू म्हणालीस.

दानिएलभाऊ खाटेवरून म्हणाले, "मग योसेफाले वरच बसवून द्या ना. पुढं बाळाले घेऊन मिसर देशाले पळून जायचंच आहे त्याले. पायी कशाले जाईन बिचारा?"

बर्फाला कापूस मी द्यायची. खाप्याला माझ्या माहेरी कापसाचे ढीग पडायचे, येताना पिशवीभर आणायची. एकदा तुला विचारलं होतं, "सलोमी, त्या बेथलेहेमात बर्फ पडते काय वं?" तू म्हणालीस, "मले काय माहीत, मी कुठं गेली होती? कार्डावर असते." आणि आपण दोघी नंदींच्या पाठीवर कापूस पिंजून टाकत बसलो.

आणि केक. घरात भट्टी कोणाकडे होती तेव्हा? डालड्याचे चपटे कापलेले डबे, त्यावर खिळ्यानं कोरलेली नावं, आणि पोरांची वरात बेकरीवाल्याकडे. डबे डोक्यावर. बेकरीवाला भट्टीच्या तोंडाशी घामानं निथळत ओरडायचा, "अरे बड़े दिन की फौज आ गई! धक्का मत मारो, सबका केक फूलेगा!" सगळ्यांचा फुलायचा नाही. तुझा स्वतःचा, अंड्यांचा, तो फुलायचा. गल्लीसाठी तू वेगळा बिनअंड्याचा करायचीस, दही आणि सोडा घालून, आणि तो वर्षानुवर्षं वीट होऊन बाहेर यायचा. दानिएलभाऊ तो वाजवून बघायचे. "हा मुनसिपाल्टीले द्या, गल्लीचा रस्ता पक्का होईल." पोरं तरीही तो चहात बुडवून बुडवून संपवायची.

माझा मधला तेव्हा बोलताना अडखळायचा, तुला आठवतं ना. बापानं हात उचलला की आणखी अडखळायचा. शाळेत त्याला मुलं चिडवायची. तू त्याला नाताळच्या नाटकात मेंढपाळ केलंस. डोक्याला माझा टॉवेल, हातात काठी, आणि एकच वाक्य. गल्लीतली सगळी माणसं तुझ्या अंगणात सतरंजीवर बसलेली, मी तर पदरात तोंड घालून बसले होते. त्यानं काठी आपटली आणि वाक्य म्हटलं. सगळं. एका दमात. त्याचा बाप उठून बाहेर गेला आणि नळावर उगाचच तोंड धूत राहिला. सलोमी, यासाठी मी तुझे पाय धुवायला तयार होते, आजही आहे. मी ते कधी तोंडानं म्हटलं नाही. तू म्हणू दिलं नसतंस.

पण करंज्यांचं मला बोलायचं आहे, आणि आज मी बोलणार.

तू गल्लीच्या फराळासाठी इतवारीच्या बाजारातून नवी कोरी पितळी परात आणलीस. त्या परातीला अंडं लागू द्यायचं नाही, मटण शिजलेल्या घरातल्या कुठल्या भांड्याचा तिला स्पर्श होऊ द्यायचा नाही. ती परात वर्षभर तू माझ्या घरी ठेवायचीस. आणि तळण माझ्या चुलीवर, माझ्या कढईत. का? तर उद्या कोणी विचारलं तर सांगता यावं की हिंदूच्या घरी तळलं आहे. मला या गोष्टीची पहिल्या दिवसापासून चीड होती.

"काहून इतकं वाकतं वं?" मी विचारायची. "खायचं त्यानं खावं, नाही खायचं त्यानं उपाशी राहावं."

"पोट्ट्यांसाठी आहे वं. त्यायनं केलेलं त्यायच्या घरी गेलं पाहिजे. त्यासाठी एक परात वेगळी ठेवली तर माझं काय झिजते?"

झिजत होतं. तेव्हा साखर रेशनवर होती. दिवाळी झाली की तू आणि दानिएलभाऊ गुळाचा चहा प्यायला लागायचात, आणि कार्डावरची साखर डब्यात भरून ठेवायचात. दानिएलभाऊंना गुळाचा चहा आवडत नव्हता, मला माहीत आहे. ते डोळे मिटून औषधासारखा प्यायचे. ती साखर त्या करंज्यांच्या सारणात जायची.

माझ्या स्वयंपाकघरात पोरं गोल बसायची. तू पारी लाटून द्यायचीस, पोरं सारण भरायची, कडा दाबायची. कोणाची फुटायची, कोणाची दिवसभर हाताळून काळी पडायची. प्रत्येकानं आपली खूण करायची, म्हणजे तळल्यावर आपली कोणती ते कळावं. कोणी काडीनं टोचायचं, कोणी कंगव्यानं रेघा ओढायचं. माईंची विजू, बाळ्याची धाकटी बहीण, सात वर्षांची असेल, ती आपल्या केसातली पिन काढून करंजीच्या पोटावर उमटवायची. किती मन लावून! जीभ बाहेर काढून. तळताना माझ्या मागं उभी राहून बघायची, "काकू, माझी जळली नाही ना?"

एका वर्षी नाताळच्या सकाळी तू ताटं भरलीस. प्रत्येक पोरानं आपल्या घरचं ताट न्यायचं, क्रोशाच्या रुमालाखाली झाकून, आपल्या हातच्या करंज्या सगळ्यात वर ठेवून. मी तेव्हा दूध आणायला माईंच्या मागच्या गोठ्यात गेले होते. म्हशीच्या पलीकडे लोटा घेऊन उभी. माईंना मी दिसले नाही.

विजू ताट घेऊन पळत आली. "आई, करंज्या! ह्या माझ्या आहेत, पिनेच्या. आधी माझी खा."

"हो का? आण इकडे," माई म्हणाल्या. किती गोड म्हणाल्या. ताट घेतलं, रुमाल काढून खुंटीला अडकवला आणि चालत गोठ्यात आल्या. लेकरू मागं मागं. माईंनी गव्हाणीवर ताट उपडं केलं. खाली सरकीची ढेप भिजवलेली, त्यावर पांढऱ्या करंज्या. म्हशीनं जीभ काढली, ती लांब खरबरीत जीभ, आणि एकेक ओढून घ्यायला लागली. शेणाच्या वासात वेलदोड्याचा वास मिसळला. अजून मला वेलदोडा सोलताना कधी कधी तो शेणाचा वास येतो, सलोमी, इतकी वर्षं झाली तरी.

"शी! घाण नुसती," माई म्हणाल्या. "हात धू साबणानं, मग घरात ये."

पुढचं ऐक. त्यांनी ते ताट राखेनं घासलं, धुतलं, पुसलं, त्यात वाटीभर साखर ठेवली, कारण शेजाऱ्याचं ताट रिकामं पाठवत नाहीत, शिस्त आहे त्यांच्या घरी! आणि पोरीच्या हातात देऊन म्हणाल्या, "मावशीला दे. सांग, फार छान झाल्या होत्या. सगळ्यांनी खाल्ल्या."

विजू म्हशीकडे बघत होती. मग तिनं आपला हात नाकाजवळ नेला आणि हुंगला. मी हे पाहिलं, आणि मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

मी दूध न घेताच तुझ्याकडे आले. तू शंकरपाळे डब्यात भरत होतीस.

"सलोमी, माईनं तुझ्या करंज्या म्हशीले घातल्या."

तू मान वर केली नाहीस. "माहीत आहे वं मले."

"माहीत आहे?"

"दर वर्षी घालते. दुसऱ्या दिवशी तिच्या दुधाले वेलदोड्याचा वास येते." आणि तू हसलीस! "चांगलंच आहे ना, माझी साखर माझ्याच चहात वापस येते."

मला इतका राग कधी कोणाचा आला नव्हता. माईंचासुद्धा नाही. माझी चूल, माझी कढई, दानिएलभाऊंचा तो गुळाचा चहा, आणि तू हसतेस! मी म्हटलं, "तुले लाज नाही वाटत? हसून राहिली!"

"मग काय करू? रडू?"

"आणि विजूनं पाहिलं त्याचं काय? तिच्या डोळ्यांपुढं ओतल्या. तिच्या पिनेच्या."

तेव्हा तुझा हात डब्यात थांबला. "विजूनं पाहिलं?"

तेवढ्यात ती दारात आली. ताटात साखर. भिंतीकडे बघत तिनं पाठ केलेलं म्हटलं, "फार छान झाल्या होत्या. सगळ्यांनी खाल्ल्या."

तू तिला ओढून मांडीवर घेतलंस आणि तुझं ते सुरू केलंस. बाळ येशू जन्मला तेव्हा त्याला घरात कोणी जागा दिली नाही, जागा दिली ती जनावरांनी, आपल्या गव्हाणीत. म्हणून नाताळचा पहिला वाटा जनावरांचा. "तुझ्या करंज्या म्हशीनं खाल्ल्या ना? मग तुझ्याच सगळ्यात भाग्याच्या." विजू ऐकत होती. मान हलवत होती. बोटांत बोटं घट्ट अडकवून.

ती गेल्यावर मी म्हटलं, "खोटं काहून सांगतं लेकराले? सरळ सांग, तुझ्या आईनं पाप केलं."

"नाही सांगणार. आणि तूही नाही सांगशीन." तू माझा हात धरून आपल्या गळ्यावर ठेवलास. "घे शपथ. तिच्या आईबद्दल तिच्यापाशी एक शब्द नाही. त्या पोरीले रोज त्याच हातचं जेवायचं आहे. मी वर्षातून एक दिवसाची."

मी शपथ घेतली. तुझा गळा होता हाताखाली, काय करणार? पण त्यानंतर संक्रांतीपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही. शेवटी दानिएलभाऊ आले तिळगूळ मागायला. म्हणाले, "वहिनी, तुम्ही दोघी ओरडत नाही तर मले झोप लागत नाही. घर पडल्यासारखं वाटते." मग बोललो. पण ते भांडण मिटलं नाही. दर डिसेंबरात परात काढली की मी तेच म्हणायची आणि तू तेच म्हणायचीस. माईंच्या घरी ताट जात राहिलं, म्हैस खात राहिली. एक म्हैस विकून दुसरी आली, तीही खायला लागली.

विजू पुढच्या वर्षी आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आली, पण चांदणीला कागद लावत बसली. पिठाजवळ बोलावलं तर म्हणाली, "मले येत नाही." तू म्हणालीस, मोठी झाली, लाजते. मी गप्प राहिले. तुझ्या गळ्यापायी.

आता त्या सभेकडे येते. बाळासाहेबांचं भाषण संपलं, टाळ्या नव्हत्या पण लोकांच्या माना हलत होत्या, आणि मी बाहेर पायऱ्यांवर येऊन बसले. वारा घ्यायला. मागून विजू आली. ती वर्ध्याहून आली होती, तुझ्यासाठी, चार वर्षांच्या लेकीला, पिंकीला, घेऊन. माझ्या शेजारी बसली.

"काकू, एक विचारू? दादा बोलला ते खरं आहे काय? आई भरवायची?"

"तुले काय आठवते?"

"मले म्हैस आठवते." ती पिंकीच्या स्वेटरचं बटण लावत होती, लावून काढत होती, पुन्हा लावत होती. "आईले विचारलं तर म्हणते, स्वप्न पडलं असेल. दादाही म्हणतो, तुझं काहीतरीच. मावशीनं मले म्हशीच्या नाताळाची गोष्ट सांगितली होती. मले वाटलं, ते माझी समजूत काढून राहिली. करंज्या खराब झाल्या म्हणून."

"खराब? काहून खराब?"

"आई घाण म्हणाली ना. मी त्या दिवशी खळीचे हात नीट धुतले नव्हते, तसंच पीठ धरलं होतं. मले वाटलं, माझ्या हातानं सगळ्या घाण झाल्या. मावशीची साखर वाया गेली." मग हलकेच म्हणाली, "मी अजून करंजी करत नाही, काकू. सासूबाई हसतात, म्हणतात, विजूले पुरण येते, अनारसे येते, करंजीचं म्हटलं की माहेरी पळते. पिंकी पिठाजवळ आली तरी मी तिले ओरडते, हात लावू नको."

ऐकलंस ना? माईंनी तो 'घाण' शब्द तुझ्यावर टाकला, ख्रिस्ती होण्याआधीच्या तुझ्या आजोबांच्या जातीवर टाकला. आणि तो कोणाच्या अंगाला चिकटला? सात वर्षांच्या लेकराच्या. तू म्हणालीस विसरेल. तू गोष्ट सांगितलीस. तुझी गोष्ट चांगली होती, पण गोष्टीनं पोरीचे हात धुतले गेले नाहीत. मला माईंची किळस आलीच, ती तर जुनी आहे. पण त्या पायऱ्यांवर मला तुझ्या चांगुलपणाची किळस आली, सलोमी, आणि मला हे तुझ्या मंडळीच्या पुस्तिकेत लिहायचं आहे. पाळकसाहेबांना छापायचं तर छापतील.

मी तिथंच शपथ मोडली. म्हटलं, "पोरी, तुझे हात घाण नव्हते. तुझी आई ते सलोमीले म्हणाली. तिनं मळलं म्हणून. दर वर्षी टाकायची. मी त्या दिवशी म्हशीच्या पलीकडं उभी होती, ह्या कानांनी ऐकलं."

विजू रडली नाही. तिनं विचारलं, "मावशीले माहीत होतं?"

"होतं."

"तरी पाठवायची?"

"हो."

"मग मले काहून नाही सांगितलं कोणी?"

 याचं उत्तर तुझ्याजवळ होतं का? मला खरंच विचारायचं आहे. तुझं ते रोजच्या जेवणाचं बोलणं मला पाठ आहे, मी ते तिला सांगूनही पाहिलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जेवली असती मी, काकू. माहीत असतं तरी जेवली असती. पण हात माझे माझ्याजवळ राहिले असते."

त्या दिवशी ती वर्ध्याला गेली नाही, नाताळपर्यंत राहिली. नाताळला तू नव्हतीस. दानिएलभाऊ सकाळीच माझ्या दारात येऊन उभे राहिले, म्हणाले, "परात काढा वहिनी." गल्लीतली आताची पोरं आली, ज्यांच्या आयांनी लहानपणी तुझ्याकडे चांदण्या चिकटवल्या ती. विजू पिठाला बसली. सुरुवातीला नुसतं परातीकडे बघत बसली. मग मळायला लागली. पहिल्या करंजीची कड तिला धरता आली नाही, सारण बाहेर आलं. पिंकी म्हणाली, "आई, तुला येत नाही, मी देते करून." आणि दानिएलभाऊ हसले. तुझ्यानंतर पहिल्यांदा हसले बरं का, म्हणून लिहिलं.

ताटं निघाली. एका पोरानं विचारलं, "माईआजींचं कोण नेणार?"

"त्यांचं जाणार नाही," मी म्हटलं.

"जाईल," विजू म्हणाली. "मी नेते." तिनं ताट उचललं, पिंकीचा हात धरला. मी मागं गेले. मला राहवलं नाही.

माई ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. बाळासाहेब शेजारी पेपर वाचत होते. विजू माईंच्या समोर ओट्याच्या पायरीवर बसली, ताट मांडीवर घेतलं, रुमाल काढला, आणि एक करंजी उचलून खाल्ली. एक पिंकीला दिली. मग दुसरी घेतली.  माई बघत होत्या.

"छान झाल्यात का गं?" माईंनी विचारलं.

"हो."

"मला दे की एक. वास किती सुंदर येतोय."

माईंनी हात पुढं केला. बोटं सुजलेली. बाळासाहेबांनी पेपर खाली केला. "दे ना विजू. आईला दे."

विजूनं त्या हाताकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली, आणि खात राहिली. पिंकीनं आपली अर्धी खाल्लेली करंजी आजीपुढं केली. विजूनं तिचं मनगट धरलं आणि हात हळूच खाली घेतला. पिंकी गोंधळून एकदा आईकडे बघे, एकदा आजीकडे. माईंचा हात तसाच पुढं होता.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "विजू, सोड वं लेकराचा हात." तू नव्हतीस, सलोमी. मी होते, आणि मी म्हटलं नाही.